सान मार्कोची गल्ली वगळून

रोसारियो, अर्जेंटिना
३ फेब्रुवारी १९९७

आदरणीय फोस्को मामा,
सप्रेम नमस्कार.

माझं नाव मिर्ता. तुमच्या बहिणीची, इल्दाची, मी मुलगी. आपण एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. आमच्या घरात तुमचं नाव निघालं की आई भांडी जरा जोरात घासायला लागते, त्यामुळे आजवर लिहायचा धीर झाला नाही. हे पत्रही तिच्या नकळतच लिहिते आहे. पत्ता मात्र तिच्याकडूनच मिळाला. मी सहज विचारल्यासारखा विचारला, तिने सहज सांगितल्यासारखा सांगितला, घर नंबरासकट.

गेल्या मार्चमध्ये बाबा वारले. तेव्हापासून आई खिडकीशी बसून असते. मी शाळेत भूगोल शिकवते, यंदा मोठी रजा मिळाली आहे, म्हणून तिला घेऊन जहाजाने इटलीला यायचं ठरवलंय. जहाज जेनोवापर्यंत जातं, तिथून विमानाने परत. वाटेत सतरा जूनला लिवोर्नोला थांबतं, आणि ज्यांना हवं त्यांना बसने सिएनाला आणून सोडतं. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. एवढा एकच दिवस. मी आईला म्हटलं, आठवडाभर राहू की सिएनात. तर म्हणाली, "कुणाकडे?" 

तर मामा, त्या एका दिवसात काय काय पाहून होईल, जरा आखून द्याल का? आई सत्याहत्तरची आहे, गुडघे गेलेत, लांबचं चालायचं तर चाकाची खुर्ची लागते. काम्पोचा चौक, घड्याळाचा बुरूज आणि दुओमो, म्हणजे ते मोठं चर्च, एवढं तरी व्हावं. बस सान मार्को वेशीपाशी उतरवणार आहे. नकाशात पाहिलं तर तिथून सान मार्कोच्या गल्लीने चढलं की सरळ गावात. बाबा त्याच गल्लीत वाढले. तेव्हा सुरुवात तिथूनच करू, नाही का?

आणि जमलं तर तुम्ही भेटाल का? आईने असं म्हटलेलं नाही, मीच म्हणते आहे. तुमच्या बोलीत लिहिण्याची सवय नाही, चुका पोटात घाला.

तुमची भाची,
मिर्ता


सिएना
२० फेब्रुवारी १९९७

चि. मिर्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आधी तुझ्या असुंता मामीने मोठ्याने वाचलं, मग चष्मा लावून मी पुन्हा वाचलं. पावाची भट्टी सोडल्यापासून मला दुसरा उद्योग नाही, म्हणून वाचलं, उगाच काही समजू नकोस.

नेल्लो गेल्याचं कळलं. वाईट वाटलं. माणूस म्हणून त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं.

आता दिवसाचं. एक दिवस म्हणजे काही फार नाही, पण शहाण्या माणसाने आखला तर पुरतो. सान मार्को वेशीपाशी उतरलात की आत शिरायचं नाही. बाहेरच टॅक्सी उभी असेल, मी सांगून ठेवतो. तिच्यात बसा, तटाच्या बाहेरून वळसा घालून तूफी वेशीला या. तिथून आत आलात की संत आगुस्तीनचं चर्च, पुढे आमची पेठ. आमच्या पेठेतलं कारंजं बघा, पाणी प्या, तुझ्या आईचा बाप्तिस्मा त्याच कारंज्यावर झालेला आहे. मग दुओमो. दुओमोची फरशी बघायची, नुसतं वर बघत चालायचं नाही. बाहेरचे लोक माना वर करून फिरतात आणि खाली एवढं कोरून ठेवलंय ते तुडवत जातात. मग काम्पो. चौकात बसून जेवा. पिची मागवा, हाताने वळलेल्या जाड शेवया असतात, वर लसणाचा रस्सा. तिथले वाढपी उद्धट आहेत, लक्ष देऊ नका. बुरूज खालूनच बघा, वर चढायची हौस तरण्यांची. जाताना आल्या वाटेनेच, तूफी वेस, टॅक्सी, वळसा आणि बस.

सान मार्कोच्या गल्लीत पाहण्यासारखं काही नाही. चढ आहे, ऊन आहे आणि मांजरं आहेत.

मी काम्पोत बुरुजाखाली उभा असेन. टक्कल आहे, गळ्यात निळा-पिवळा रुमाल असेल, ओळखू येईन. मामी रिच्चारेल्ली करणार म्हणतेय, बदामाची मऊ बिस्किटं. तुझ्या आईला आवडायची. अजून आवडतात का, ते कळव, उगाच बदाम फुकट नकोत.

तुझा,
फोस्को मामा


रोसारियो
९ मार्च १९९७

प्रिय मामा,

उत्तर आलं, केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. पण मामा, रागावणार नसाल तर एक विचारते. तुमची वाट मी नकाशावर पेन्सिलीने काढून पाहिली. वेशीवर उतरायचं, गावाकडे पाठ करायची, तटाला वळसा घालून दुसऱ्या वेशीने आत, आणि परत जाताना दुओमोपासून बस अगदी खाली उतारावर दिसत असताना पुन्हा उलटं चढून तोच वळसा. वर्गातल्या पोराने असं उत्तर लिहिलं असतं तर मी लाल फुली मारली असती. सान मार्कोच्या गल्लीत रस्ता खोदलाय का? की चोऱ्यामाऱ्या होतात? मला खरं सांगा, मी घाबरणार नाही.

पत्र आईच्या हाती लागलंच. मी शाळेतून आले तर ती ते मांडीवर घेऊन बसली होती. मला वाटलं आता मला फैलावर घेणार. तर ती हसत होती. किती महिन्यांनी हसली. म्हणाली, "फोस्को मला रोमवरून फिरवून आणेल, पण सान मार्कोतून नाही नेणार." का, ते काही सांगेना. मग उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. रिच्चारेल्ली अजून आवडतात, हे तिने आतून ओरडून सांगितलं.

आता खरं कारण सांगते, जे पहिल्या पत्रात लिहायचं राहिलं. राहिलं कसलं, मीच लिहिलं नाही. बाबांचा एक रुमाल आहे, रेशमी, लाल-पिवळा, मध्ये गोगलगाय. दवाखान्यात उशाशी होता. शेवटी शेवटी ते म्हणत, "हा घरी ठेवून ये." मी घरी नेऊन कपाटात ठेवला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी आई म्हणाली, अगं, त्याचं घर म्हणजे सान मार्को. हा रुमाल त्या गल्लीत पोचवायचा आहे, मामा. आई बोलत नाही, पण ती येतेय ती त्यासाठीच. बाकी बुरूज आणि चर्च राहिली तरी चालतील.

तर ती वाट तेवढी दुरुस्त करून पाठवाल ना?

तुमची,
मिर्ता


सिएना
२६ मार्च १९९७

मिर्ता,

वाट दुरुस्त करायला ती चुकलेली नाही. भूगोलाच्या बाईंना नकाशा कळतो, सिएना कळत नाही.

ऐक. या गावात सतरा पेठा आहेत. माणूस ज्या पेठेत जन्मला त्या पेठेचा, मरेपर्यंत. तुझी आई आणि मी कासव पेठेतले. आम्हाला लागून गोगलगाय पेठ, म्हणजे तुझ्या बापाची सान मार्कोची गल्ली. मध्ये भिंतीत एक फरशी बसवलेली आहे. तिच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते. बाहेरच्याला वाटतं, कासव काय आणि गोगलगाय काय, दोन्ही पाठीवर घर घेऊन हळूहळू चालणारी. इथे कुणासमोर असं बोलू नकोस. वैर कशावरून, ते मला विचारू नकोस, माझ्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं. वर्षातून दोनदा, दोन जुलैला आणि सोळा ऑगस्टला, काम्पोत घोड्यांची शर्यत होते. आमचा घोडा जिंकला तर आम्ही आठवडाभर नाचतो. त्यांचा हरला तरी नाचतो.

मी जन्मात त्या फरशीपलीकडे पाऊल टाकलेलं नाही. भट्टीवर होतो तेव्हा त्यांच्या गल्लीत पाव पोचवायला दुसरा माणूस ठेवला होता.

तुला वाटेल, मामा लग्नाचा राग धरून बसलाय. अजिबात नाही. इथे अशी लग्नं होतात, आई-बाप चार दिवस तोंड वाकडं करतात आणि मग नातवंडं खेळवतात. आमच्या बाबांनी स्वतः नेल्लोला दारू ओतून दिली होती. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. लग्न मे महिन्यात झालं. त्याच ऑगस्टमध्ये गोगलगाय पेठ जिंकली. जिंकलेली पेठ मग गल्लीत लांबच लांब टेबलं लावून जेवण घालते, घोडा टेबलाच्या टोकाशी उभा करतात, त्याच्यापुढेही ताट. आणि तुझी आई त्या जेवणाला जाऊन बसली. कासवाची पोर, गोगलगायीच्या विजयाच्या पंगतीला. आमच्या शेजारणीने डोळ्यांनी पाहिलं. बाबा उठले. स्वयंपाकघरातली तिची खुर्ची उचलली आणि माळ्यावर नेऊन टाकली. पुढच्या वसंतात ती दोघं अर्जेंटिनाला निघाली, तेव्हा स्टेशनवर आमच्यापैकी कुणी गेलं नाही.

ती तिकडची झाली, मिर्ता. तिने स्वतः निवडलं. मी तिला पाहुणी म्हणून गाव दाखवीन, मामी बिस्किटं देईल, सगळं रीतसर होईल. पण रुमाल घेऊन त्या गल्लीत जायचं तर तुमचं तुम्ही जा. टॅक्सी नको असेल तर तसं कळवा.

फोस्को


रोसारियो
१४ एप्रिल १९९७

मामा,

तुमचं पत्र मी आईला दाखवलं नाही. पोस्टमनला वाटेतच गाठून घेतलं आणि शाळेच्या कपाटात कोंबलं.

तुम्ही तिच्यावर फार अन्याय करता आहात. जे आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते, म्हणजे तरी तुमचा राग उतरेल. तिने ज्या माणसासाठी तुम्हाला सोडलं, त्याच्याशी तिचं पटत नव्हतं. वर्षभर सगळं ठीक असायचं. बाबा तिला बाजारात न्यायचे, ती त्यांचे शर्ट इस्त्री करायची, चेष्टामस्करी चालायची. आणि मग दर वर्षी दोनदा, जूनच्या शेवटी आणि ऑगस्टच्या मध्याला, काहीतरी बिनसायचं. आई गप्प व्हायची. पिशवी भरायची, मला हाताला धरायची आणि चार दिवस शेजारच्या रस्त्यावर तिच्या मैत्रिणीकडे, तेरेसामावशीकडे, जाऊन राहायची. बाबा अडवायचे नाहीत. दारात उभे राहून म्हणायचे, "तुझ्या घोड्याचे पाय मोडोत." ती म्हणायची, "तुझ्या घोड्याला वाटेत झोप लागो." लहानपणी मला वाटायचं ही त्यांची काहीतरी घाणेरडी शिवी आहे. चार दिवस दोघं रस्त्यात भेटली तरी बोलायची नाहीत. एकदा तर बाबा समोरून येताना दिसले आणि आईने मला घेऊन रस्ता ओलांडला. मी आठ वर्षांची होते, मी रडले. पाचव्या दिवशी सकाळी आम्ही घरी परत. बाबांनी कॉफी करून ठेवलेली असायची आणि जसं काही झालंच नाही.

हे दर वर्षी, मामा. घटस्फोट होणार, घटस्फोट होणार, या धास्तीत माझं बालपण गेलं. मी लग्न केलं नाही, त्यात याचाही वाटा आहे. आणि सवय तरी किती खोल असावी. गेल्या जूनच्या शेवटी बाबा नव्हते, तरी ती पिशवी भरून तेरेसामावशीकडे गेली. पाचव्या दिवशी परत आली आणि स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली. मला वाटलं, वय झालं, विसरली असेल ते गेलेत म्हणून. मी कॉफी केली, ती प्यायली नाही.

अशा बाईवर अजून राग धरायचा का, हे तुम्हीच ठरवा. रुमाल आम्ही दोघी पोचवू. खुर्ची मी ढकलीन.

मिर्ता


सिएना
२ मे १९९७

माझ्या लाडक्या पोरी,

तुझं पत्र मामीने वाचायला घेतलं, आणि "तुझ्या घोड्याचे पाय मोडोत" इथे आली आणि पुढे वाचताच येईना तिला. मला वाटलं खोकला आला. मी कागद ओढून घेतला, वाचला, आणि मग मीही तिच्यासारखाच झालो. दोन म्हातारी माणसं स्वयंपाकघरात रडतायत आणि हसतायत, शेजारीण दार वाजवून विचारून गेली.

अगं वेडे, तुझ्या आईबापाचं भांडण नव्हतं. एकदाही नव्हतं.

इथली ही रीतच आहे, मीच तुला सांगायला विसरलो, कारण पाणी ओलं असतं हे काय कुणी सांगतं का? नवरा एका पेठेचा आणि बायको वैऱ्याच्या पेठेची असली, की शर्यतीचे चार दिवस ती एका छपराखाली राहत नाहीत. बायको माहेरी जाते. चार दिवस नवरा आपल्या पेठेचा, बायको आपल्या पेठेची, एकमेकांना ओळख द्यायची नाही. शर्यत संपली की पाचव्या दिवशी ती परत घरी. जूनचा शेवट, ऑगस्टचा मध्य, आमच्या शर्यतीचेच ते दिवस. तुझी आई दर वर्षी माहेरी जात होती गं. आणि माहेर नव्हतं म्हणून तेरेसाकडे जात होती.

इतकी वर्षं, समुद्रापलीकडे, जिथे कासव कोण आणि गोगलगाय कोण हे एका माणसाला ठाऊक नाही, तिथे ती कासवाची राहिली. मी इथे बसून म्हणत होतो, तिकडची झाली. आणि नेल्लोही काय माणूस म्हणायचा. दारात उभं राहून रीतसर शाप दिले त्याने, तिला माहेरवाशीण म्हणून घरातून निरोप दिला, आणि पाचव्या दिवशी कॉफी. आम्ही तिला माहेर दिलं नाही, ते त्याने दिलं. यापुढे त्याच्याबद्दल वाकडा शब्द माझ्या तोंडून निघाला तर जीभ झडो.

आता दिवसाचं. आधीचं सगळं फाडून टाक.

मी काल सान मार्कोत गेलो. फरशीपाशी उभा राहिलो आणि पाय उचलेना. मामी मागून म्हणाली, "जातोस की ढकलू?" गेलो. त्यांच्या पेठेच्या दिवाणखान्याच्या दारात दुइलियो बसला होता, त्यांच्या ढोलवाल्यांचा म्होरक्या. तरुणपणी त्याने माझा एक दात पाडला होता आणि मी त्याचे दोन.

म्हणाला, "रस्ता चुकलास का रे? की डोळे गेले?"

मी म्हटलं, "डोळे शाबूत आहेत. काम आहे."

"कासवाचं आमच्याकडे काम? कारंजं नासवायला आलास होय?"

"नेल्लोचा रुमाल यायचाय," मी म्हटलं. "माझी बहीण घेऊन येतेय."

तो उठून उभा राहिला. म्हणाला, "नेल्लो फाब्री? माझी सायकल घेऊन स्टेशनवर गेला आणि तिथूनच अर्जेंटिनाला पसार झाला, तो?"

"तोच. गेला तो. मागच्या वर्षी."

दुइलियो पुन्हा खाली बसला. मग डोळे पुसले आणि म्हणाला, "मग सायकल माफ." आणि लगेच, "दुपारचं जेवण आमच्याकडे. नाही म्हणालास तर दुसरा दात."

जेवणाचं मी हो म्हटलेलं नाही. त्यांच्या गल्लीत, त्यांच्या टेबलावर, पुन्हा तेच, ते मला जमायचं नाही, आणि तुझ्या आईलाही मी तसं करायला लावणार नाही. मी डबा आणतोय. मामी सशाचं मटण करणार आहे.

तर बेत असा. मी काम्पोत नाही, सान मार्को वेशीवरच उभा असेन, बस येईल तेव्हा. खुर्ची मी ढकलणार, तू ढकलायची नाहीस, चढ मोठा आहे. सान मार्कोची गल्ली पाहायची, रुमाल पोचवायचा, तिला हवं तेवढा वेळ थांबायचं, आणि मग आमची पेठ, दुओमो, काम्पो, सगळं. वेळ पुरेल. मी आखलंय.

आईला हे पत्र वाचून दाखव. नाही, नको, तिलाच वाचायला दे.

तुझा,
फोस्को मामा


रोसारियो
१९ मे १९९७

मामा,

परवा निघतो, म्हणून दोनच ओळी. पत्र आईला दिलं. वाचून तिने ते उशीखाली ठेवलं. मी म्हटलं, "आई, मला इतकी वर्षं का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "सांगायचं काय त्यात? तू कधी विचारलंस?" मी डोक्याला हात लावला. माझ्या बालपणाचं एवढं रामायण, आणि तिला वाटत होतं मला सगळं ठाऊक आहे.

बाबांची आठवण आता वेगळीच येते. कॉफीची तर फारच.

ती एकच म्हणाली, "फोस्को डबा आणणार? आणील. लहानपणापासून हट्टी."

भेटूच.
मिर्ता


जेनोवा
१९ जून १९९७

प्रिय फोस्को,

लिहायची सवय राहिली नाही म्हणून अक्षर वेडंवाकडं आहे. मिर्ता म्हणाली मी लिहिते, तू सांग. म्हटलं, नको. भावाला मी पहिलंच पत्र लिहितेय, ते माझ्याच हातचं जाऊ दे.

तू ओळखू आलास. टकलामुळे नाही, रुमालाला कडक इस्त्री होती म्हणून. बाबांचा असाच असायचा.  तू खुर्चीच्या मागे गेलास आणि ढकलायला लागलास. मला तुझा चेहरा दिसत नव्हता, श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि वाटत होतं की म्हाताऱ्याचं हृदय बंद पडलं तर असुंता मला कधी माफ करणार नाही. फरशीपाशी तू थांबलास. मला वाटलं, आता म्हणणार, इथून पुढे तुम्ही जा. तर तू गळ्यातला रुमाल सोडलास, घडी केलीस आणि माझ्या मांडीवर ठेवलास, नेल्लोच्या रुमालाशेजारी. आणि पुढे ढकलायला लागलास. फोस्को, मला खूप बरं वाटलं. एवढंच लिहिता येतंय.

दुइलियोने नेल्लोचा रुमाल कारंज्यात भिजवला, तेव्हा ती सगळी माणसं टोप्या काढून उभी होती. नेल्लोला ओळखणारे त्यात दोघे-तिघेच असतील. आता रुमाल त्यांच्या चर्चमध्ये आहे, निशाणांच्या शेजारी. पोचला एकदाचा.

मग त्यांनी गल्लीत टेबल लावलं. पिची आली, पाव आला. तू डबा काढून मांडीवर घेऊन बसलास, झाकण न उघडता. मी माझ्या ताटाकडे बघत बसले, तू तुझ्या डब्याकडे. दुइलियो मिशीत हसत होता. मग तू पावाचा तुकडा मोडलास आणि म्हणालास, "इल्दा, आपल्याकडच्या पावात मीठच नसतं. मी जन्मभर भाजलाय, मला ठाऊक आहे. खाल्ला तरी कुणाचं मीठ खाल्लं असं होत नाही. जेव." आणि तूच आधी खाल्लास. दुसऱ्यांदा वाढूनही घेतलंस. सशाचं मटण मग दुइलियोने संपवलं.

एक गोष्ट तिथेच सांगणार होते, पण तोंड भरलेलं होतं. त्या विजयाच्या जेवणाला मी गेले होते, हे खरं. नेल्लो त्या वर्षी निशाण घेऊन होता, त्याच्या आईने हात धरून नेलं, नाही म्हणता आलं नाही. पण मी खाल्लं नाही, फोस्को. एक घास नाही. पोट दुखतंय म्हणाले आणि रात्रभर रिकाम्या पोटी बसले. घोडा जेवला, मी नाही जेवले. नेल्लोला कळलं होतं. घरी येऊन त्याने मला अंडं करून दिलं. हे बाबांना कळायला हवं होतं. आता तुला कळलं, पुरे.

तुझ्या आखलेल्या दिवसातलं आम्ही काहीच पाहिलं नाही. दुओमो राहिला, बुरूज राहिला, काम्पो राहिला, आपलं कारंजं राहिलं. दहापासून पाचपर्यंत एक गल्ली. तीही तीच, जी तू वगळली होतीस. मिर्ता म्हणते, या प्रवासाचा निबंध कुणी लिहिला तर ती नापास करेल.

बस सुटताना तू खिडकीशी येऊन म्हणालास, खुर्ची माळ्यावरून खाली आणलीय, पाय जरा डुगडुगतो, पण दुरुस्त होईल. त्याचं उत्तर आता देते. मिर्ताची रजा संपते, ती शनिवारी एकटीच विमानाने जाईल. माझं तिकीट तिने पुढे ढकललंय. मी आगगाडीने येतेय. शर्यतीचे चार दिवस जवळ आलेत, आणि तेरेसा इथून फार लांब आहे.

गेल्या जुलैच्या शर्यतीला मी पिशवी भरून गेले, आणि पाचव्या दिवशी परतले तेव्हा घरात कुणी नव्हतं. तेव्हा वाटलं, संपलं, आता जायचं कुणाकडून आणि परतायचं कुणाकडे. पण यंदा तो सान मार्कोत आहे. चार दिवस तो त्याच्या पेठेत, मी माझ्या माहेरी. तुझ्या घोड्याला वाटेत झोप लागो, असं मी त्याला कारंज्यापाशी हळूच सांगूनही आलेय.

खुर्चीचा पाय दुरुस्त करून ठेव. आणि पाचव्या दिवशी सकाळी मला त्याच्याकडे सोडायला तूच यायचंस.

तुझी,
इल्दा